आभारपत्र कोणाच्या नांवें?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला व त्यांत आमचा पराभव झाला. तो कसा झाला हें सांगण्यासाठीं आज लेखणी हातीं धरली आहे.

आमच्या वडील बंधूंची नात परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करीत आली आहे. ज्या रुग्णालयांत ह्या मुलींस प्रत्यक्ष कामाचें शिक्षण मिळालें, तेथील त्यांची शेवटची पाळी (त्या तिला 'पोस्टिंग' म्हणतात) संपत आली, तेव्हां त्यांनीं ठरविलें कीं, शिकविणाऱ्या बाईंचे व वॉर्डांतील मंडळींचे आभार मानणारें एक पत्र सर्वांसमक्ष वाचावें. घरांत पेन्शनर शिक्षक असतां तें दुसऱ्या कोणीं कां लिहावें? काम आमच्याकडे आलें, आणि आम्हींहि तें मोठ्या हौसेनें अंगावर घेतलें.

दोन दिवस खपून आम्हीं पत्र सिद्ध केलें. चरकाचार्यांनीं सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक व रोगी. परिचारकाच्या अंगीं शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं प्रेम आणि शुचिता हे चार गुण हवेत असें ते म्हणतात. तेथून आरंभ करून आम्ही लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत आलों, जेथें 1860 सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या नांवाची शाळा निघाली. शेवटीं 'ज्ञानाचा नंदादीप' आणि 'आपल्या ऋणांतून उतराई होणें अशक्य' हे अलंकारहि यथास्थित बसविले. पत्र वाचून नात क्षणभर गप्प राहिली व म्हणाली, "धाकटे आजोबा, पत्र सुरेख आहे. पण हें कुठल्याहि रुग्णालयाला देतां येईल."

चाळीस वर्षें मुलांच्या निबंधांवर आम्ही जो शेरा मारीत आलों, तोच आमच्या निबंधावर बसला. कांहींशा घुश्शांतच आम्हीं विचारलें, "मग त्यांत काय हवें होतें तें तरी सांग." तेव्हां तिनें जें सांगितलें, तें तिनें घरांत पूर्वीं कधीं सांगितलेलें नव्हतें.

दुसऱ्या वर्षीं एका सकाळीं मधुमेहाच्या एका रोग्यास इन्शुलिन टोंचावयाचें होतें. आपल्याकडे हें औषध दोन तीव्रतांचें मिळतें. एका प्रकारांत एका मिलिलिटरमध्यें 40 एकक असतात, दुसऱ्यांत 100. सिरिंजाहि त्याप्रमाणें निरनिराळ्या. 40 ची लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. मात्रा होती 20 एककांची. मुलीनें 100 ची बाटली घेतली आणि हातास लागली ती लाल टोपणाची सिरिंज. विसाव्या रेघेपर्यंत औषध ओढलें. गणित वाचकांनींच करून पाहावें : ती रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि त्यांत 20 नव्हे, 50 एकक. रक्तांतली साखर इतकी उतरली असती कीं, रोगी बेशुद्ध होऊन प्राणावरहि बेततें.

इन्शुलिन देण्यापूर्वीं दुसऱ्या परिचारिकेनें तें ताडून पाहावें असा त्या वॉर्डांत शिरस्ता आहे. पाळीवरील मुख्य सिस्टरांनीं बाटली पाहिली, सिरिंज पाहिली, आणि रोग्यासमोर चकार शब्द न काढतां "जरा इकडे ये" म्हणून तिला औषधांच्या कपाटापाशीं नेलें. तेथें कागद देऊन तिच्याकडूनच गणित करविलें. उत्तर निघालें तेव्हां पोरीचे हात थरथरूं लागले. सिस्टरांनीं तें औषध टाकून दिलें, चुकीच्या नोंदवहींत घडला प्रकार लिहविला आणि खालीं तिच्या सहीशेजारीं आपलीहि सही केली. कां, तर ती त्यांच्या देखरेखीखालीं काम करीत होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं इन्शुलिनचें काम त्यांनीं पुन्हां तिलाच सांगितलें.

आम्हीं शाळेंत मुलांच्या चुका पुष्कळ पकडल्या. चुकलेल्या उदाहरणाखालीं आपली सही मात्र कधीं केल्याचें स्मरत नाहीं.

ट्यूटर बाईंविषयीं तिनें थोडेंच सांगितलें. एकेक कृति आपल्या डोळ्यांदेखत झाल्यावांचून त्या वहीवर सही करीत नसत, त्यामुळें मुली त्यांच्यावर रागावत. आतां रागावत नाहींत.

आणि मग तिनें मावशींचें नांव काढलें. वॉर्डांत झाडलोट करणाऱ्या, मलमूत्राचीं भांडीं उचलणाऱ्या ज्या स्त्रिया असतात, त्यांस सारे मावशी म्हणतात. अंथरुणास खिळलेल्या रोग्यास दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें, नाहींतर माकडहाड, टांचा व खुबे येथें कातडी दबून जखमा होतात, हें पुस्तकांत आहे. परंतु दुप्पट वजनाचा माणूस एकट्या मुलीनें वळवावा कसा? तें मावशींनीं शिकविलें. रोग्याखालीं आडवी चादर घालावयाची, त्याचा पलीकडचा गुडघा उभा करावयाचा, आणि चादर धरून त्यास आपल्याकडे लोळवावयाचें. ओढावयाचें नाहीं, कारण ओढल्यानें कातडी सोलते. आणि सर्वांच्या आधीं त्याला सांगावयाचें, "काका, आतां तुम्हांला वळवते हं." तो शुद्धीवर नसला तरी सांगावयाचें.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. तीन वर्षांपूर्वीं मुलीनें परिचारिका होण्याचा हट्ट धरला, तेव्हां घरांत मोठें वादळ झालें. लोकांची घाण उपसून आलेली मुलगी स्वयंपाकघरांत कशी यावयाची, असें बोललें गेलें. 1909 सालीं पुण्यास सेवासदन निघालें. रमाबाई रानडे यांच्या त्या संस्थेनें चांगल्या चांगल्या घरांतील स्त्रियांस ससून रुग्णालयांत शुश्रूषा शिकण्यास पाठविलें. हा इतिहास आम्हांस पाठ होता, वर्गांत आम्हीं तो शिकविलाहि होता. त्या दिवशीं मात्र आम्ही वर्तमानपत्रांत डोकें घालून बसलों. मुलीच्या बाजूनें बोलले ते एकटे आमचे बंधू.

त्यानंतर दीड वर्षानें बंधूंस अर्धांगाचा झटका आला. चार महिने ते अंथरुणावर होते. मुलीनें आडव्या चादरीची ती युक्ति आईला शिकविली, वहिनींना शिकविली, आणि एके रात्रीं आम्हांसहि. घड्याळ लावून आम्ही पाळीपाळीनें उठत असूं. बंधू गेले, परंतु अखेरपर्यंत त्यांच्या पाठीवर एक व्रण पडला नाहीं. आलेल्या डॉक्टरांनीं पाठ पाहून "कोणती नर्स ठेवली आहे?" म्हणून विचारलें, तेव्हां तीच वहिनी, जिनें स्वयंपाकघराचा प्रश्न काढला होता, पदरानें डोळे पुसून म्हणाली, "घरचीच आहे."

ती युक्ति कोणाची, हें आम्हांस ह्या पत्राच्या निमित्तानें प्रथम कळलें. 'कृतज्ञ' म्हणजे केलेलें जाणणारा, अशी फोड आम्हीं फळ्यावर किती वेळां लिहिली असेल!

आमचें पत्र बाजूस पडलें. मुलीनें आपलें स्वतःचें लिहिलें, एकाच पानाचें. त्यांत कोणीं काय शिकविलें तेवढेंच होतें. लाल टोपणाची हकीकतहि तिनें गाळली नाहीं. आम्हीं ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका काढल्या आणि बाकीच्यास हात लावला नाहीं.

पत्रवाचनाच्या दिवशीं आम्हीहि तिच्याबरोबर गेलों. वाचन चालू असतां सिस्टर खिडकीबाहेर पाहत होत्या, ट्यूटर बाईंनीं चष्मा दोनदां पुसला. मावशी मात्र तेथें नव्हत्या. त्यांस कोणीं बोलावलेंच नव्हतें. मुलगी तो कागद घेऊन वॉर्डाकडे निघाली, तिच्या मागोमाग आम्ही. दारांतूनच आम्हीं हात जोडले व आमच्या बंधूंविषयीं चार शब्द बोलण्यास आरंभ केला. मावशींनीं वर पाहिलें व म्हणाल्या, "आजोबा, तिथंच थांबा जरा. फरशी ओली आहे, घसराल."

आम्ही थांबलों. फरशी वाळेपर्यंत मुलीनें दारांतूनच त्यांना पत्र वाचून दाखविलें.