पेठेचं गाव

‘गाव’ म्हटलं की मराठी वाचकाची इथे फसगत होते. आपला शेतकरी गावठाणात राहतो आणि सकाळी शिवारात जातो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत उलटं झालं. 1785 च्या कायद्याने जमीन आधी सहा मैलांच्या चौकोनांत कापली, चौकोनाचे 36 तुकडे केले, तुकडा 640 एकरांचा; नवे शेतकरी मागाहून आले. (या जमिनीवरून ज्या मूळ रहिवाशांना हुसकावलं त्यांतल्या मेस्क्वाकी जमातीने 1857 मध्ये आयोवा राज्यात आपल्याच मुलखातली थोडी जमीन पैसे मोजून घेतली.) शेतकरी रानातच घर बांधून राहिला. गाव उभं राहिलं ते रेल्वेच्या कडेला: धान्याची कोठारं, बँक, चर्च, शाळा. थोडक्यात, पेठ. आणि पेठ गिऱ्हाइकांवर जगते.

आयोवातलं कून रॅपिड्स अशीच एक पेठ. आज वस्ती हजार-दीड हजारांची. इथे 1930 मध्ये रोझवेल गार्स्टने भागीदारीत संकरित मक्याच्या बियाण्याचा धंदा मांडला. घरचं बियाणं राखणारा शेतकरी दरसाल पिशवी विकत घेऊ लागला. त्या दशकात अमेरिकेत मका एकरी सरासरी सहा-सात क्विंटल निघे, आज चाळीसच्या वर निघतो. गार्स्ट 1955 मध्ये थेट सोव्हिएत संघाला बियाणं विकून आला आणि सप्टेंबर 1959 मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह त्याच्या शेतावर हजर झाले. शीतयुद्ध ऐन भरात, आणि पत्रकारांच्या झुंबडीला वैतागलेला यजमान त्यांच्यावर मुरघास फेकतोय! गावाचा हा सर्वांत मोठा दिवस.

पण उतार तोवर लागला होता. ट्रॅक्टर, खत आणि त्या पिशवीमुळे एकाच घराला कितीतरी जास्त जमीन झेपू लागली. 1930 च्या दशकात आयोवात दोन लाखांवर शेतं होती, आज नव्वद हजारही नाहीत. पेठेचं गिऱ्हाईक असं गेलं, तेही भरघोस पिकाच्या वर्षांत.

लोक दोष देतात 1980 च्या दशकाला. त्यात तथ्य आहे. सत्तरच्या दशकात कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी बांधापासून बांधापर्यंत पेरा म्हटलं, बँकांनी जमिनीच्या फुगलेल्या भावावर कर्जं दिली. मग व्याज 20 टक्क्यांवर गेलं, जानेवारी 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी अफगाणिस्तानावरील आक्रमणावरून सोव्हिएत संघाला होणारी धान्यविक्री रोखली (गार्स्टच्याच गिऱ्हाइकाला होणारी!) आणि जमिनीचे भाव निम्म्याच्याही खाली आले. वाडवडिलांची शेतं लिलावात निघाली. तरीही माझ्या मते त्या दशकाने आधीच पोकळ झालेलं खोड फक्त पाडलं.

शाळेचं नाव आता ‘कून रॅपिड्स–बेयर्ड’ आहे. शेजारच्या बेयर्ड गावालाही एकट्याने शाळा चालवणं झेपलं नाही. आणि गार्स्ट कुटुंबाच्या बऱ्याचशा जमिनीवर एक संस्था नांगरापूर्वीचं गवताळ रान पुन्हा वाढवते आहे.