गोठ्यापासून वाफ्यापर्यंतचं अंतर

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सीमेलगत, युमा नावाचा मुलूख आहे. मूळचं वाळवंट. कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यांनी फिरवून तिथे शेती उभी राहिली, आणि ऐन थंडीत अमेरिकेच्या ताटात जो लेट्यूस पडतो त्यातला बहुतेक या एका पट्ट्यातून येतो. २०१८च्या वसंतात या पट्ट्यातला रोमेन जातीचा लेट्यूस खाऊन ३६ राज्यांतली २१० माणसं आजारी पडली. ९६ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, २७ जणांच्या मूत्रपिंडांवर आघात झाला, ५ जण दगावले. कारण ठरला ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू. त्याचं नेहमीचं बिऱ्हाड गुरांच्या आतड्यात असतं.

पानं खाणाऱ्यांनी गुरांचा जंतू कसा खाल्ला? तपास करणारे एका कालव्यापाशी पोचले. कालव्याच्या पाण्यात नेमका तोच जंतू सापडला, आणि कालव्याला लागून लाखाहून जास्त गुरं मावतील एवढा प्रचंड उघडा गोठा होता. कत्तलीआधी गुरं पुष्ट करण्याची ही जागा. जंतू पाण्यात नेमका कुठून उतरला हे सरकारी तपासाला ठामपणे सांगता आलं नाही. पण पाण्यातून पानावर कसा गेला असावा, याचा अंदाज मात्र त्यांनी बांधला आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्यांनी ते पाणी नुसतं सरीत सोडलं नव्हतं. पिकावर मारायच्या औषधात मिसळायलाही तेच वापरलं होतं. म्हणजे मुळाशी गेलेलं पाणी एक वेळ मातीत गाळलं गेलं असतं, पण फवाऱ्यातलं पाणी थेट त्या पानावर बसलं, जे कोणी शिजवणार नव्हतं.

या जंतूची ओळख तशी अलीकडची. १९८२ साली अमेरिकेत हॅम्बर्गर खाऊन आजारी पडलेल्या लोकांमुळे तो पहिल्यांदा नजरेत आला. गाईला त्याचा काही त्रास नाही. ती तुकतुकीत असते, दूध देते, रवंथ करते आणि शेणातून जंतू बाहेर टाकत राहते. त्यामुळे गोठ्यात पाहून काहीच कळत नाही. माणसात मात्र तो शिगा नावाचं विष सोडतो. आमांशाचा जंतू शोधणाऱ्या कियोशी शिगा या जपानी वैज्ञानिकाचं नाव त्या विषाला मिळालं आहे. रक्ताचे जुलाब सुरू होतात, आणि कधीकधी, विशेषतः लहान मुलांत, ते विष मूत्रपिंडांपर्यंत पोचतं. आजार व्हायला जंतूही फार लागत नाहीत, शंभराच्या आत पुरतात. आणखी वाईट म्हणजे अशा वेळी प्रतिजैविकं दिली तर विष वाढण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर ती सहसा टाळतात. पोटात पाणी टिकवायचं, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवायचं आणि वाट पाहायची. ज्या घरातलं मूल या अवस्थेतून जातं त्या घराला आकडे सांगून काय उपयोग?

१९९३ साली एका हॅम्बर्गर साखळीतल्या कच्चट राहिलेल्या मांसामुळे चार मुलं गेली, तेव्हा अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी तिथल्या कृषी खात्याने खिम्यातल्या या जंतूला कायद्याने भेसळ ठरवलं. खिम्यात तो सापडला की माल विकायचा नाही, असा सरळ हिशेब झाला. पण गाय तीच, जंतू तोच, आणि तो मांसाऐवजी शेणातून शेजारच्या शेतात गेला तर? तिथे कायदा इतका सरळ राहिला नाही. मांस एका खात्याकडे, भाजी दुसऱ्या खात्याकडे, आणि दोघांच्या मधल्या बांधावर कोणीच उभं नाही.

२००६ साली कॅलिफोर्नियात हे दिसलं होतं. पिशवीबंद कोवळा पालक खाऊन दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले, तिघे गेले, त्यांत एक दोन वर्षांचं मूल होतं. पालक धुतलेला होता, पिशवीवर तसं लिहिलेलंही होतं. माग काढत गेल्यावर जे शेत निघालं ते तीन एकरांच्या आतलं. आसपास, मैलभराच्याही आत, चरणारी गुरं. त्यांच्या शेणात, तिथल्या नदीच्या पाण्यात आणि रानडुकरांतही तोच जंतू मिळाला. पालक विकणाऱ्या कंपन्यांचा आणि त्यांच्या खरेदीदारांचा पहिला राग निघाला तो रानावर. शेताकडेची झुडपं काढली, कुंपणं घातली, उंदरांना विष ठेवलं, पक्षी-बेडूकही संशयित झाले. २०१५ साली काही संशोधकांनी त्या भागातल्या शेकडो शेतांच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा झुडपं काढून जंतू कमी झाल्याचं दिसलं नाही. उलट जिथे जास्त काढली तिथे वाढच दिसली. चराऊ जमिनीजवळच्या शेतात मात्र धोका अधिक होता. नदीकाठची सावली उगाच गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

युमानंतर पालेभाज्यांच्या उत्पादकांनी स्वतःचे नियम कडक केले. मोठ्या गोठ्यापासून पूर्वी ४०० फूट लांब लागवड चालायची, ती १,२०० फुटांवर नेली. ८० हजारांहून जास्त गुरं असतील तर मैलभर. ठीक आहे. पण यात सरकलं कोण? भाजीवाला. गोठा होता तिथेच राहिला. ज्याच्या मालकीची एकही गाय नाही त्याने आपली जमीन पडीक ठेवायची, पाण्याच्या तपासण्या करायच्या, आणि आजार पसरला की बाजारात माल कुजताना पाहायचा. हा न्याय नाही, असं माझं मत आहे. शेण ज्याचं, ते वाहून गेल्याची जबाबदारीही त्याचीच असायला हवी.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे लाख गुरांचा गोठा नाही. दोन म्हशी, एक गाय, चार शेळ्या, आणि पलीकडे विहिरीच्या पाण्यावरचे मेथी-कोथिंबिरीचे वाफे. गोठा आणि वाफा बहुधा एकाच कुटुंबाचा. जंतू मात्र इथेही आहे. आपल्या गुरांत शिगा विष सोडणारे ई. कोलाय असल्याच्या नोंदी भारतीय संशोधकांनी केल्या आहेत. मग आपल्या आजी-आजोबांचं कसं निभावलं? मला वाटतं, त्यांच्याकडे फुटांचं अंतर नव्हतं, पण महिन्यांचं होतं. वर्षभराचा उकिरडा उन्हाळ्यात गाड्या भरून शेतात जायचा, धनगर बोलावून रानात मेंढ्या बसवल्या जायच्या, मग पाऊस, मग पेरणी, आणि ज्वारी-बाजरी हाती यायची ती आणखी काही महिन्यांनी. वर ती चुलीवर भाजली जायची. शेण आणि तोंड यांच्यात ऊन, माती, काळ आणि विस्तव होता.

कोथिंबीर या हिशेबात बसत नाही. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमात कच्चं शेण टाकल्यावर, मातीला टेकणारं पीक असेल तर काढणीआधी १२० दिवस जाऊ द्यावे लागतात. आपली कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत जुडी होऊन बाजारात उभी राहते. मेथी त्याहून आधी. मेथी आपण परततो, पालक शिजवतो, तिथे काळजी मिटते. पण पोह्यांवर, मिसळीवर, भेळेवर, कोशिंबिरीत जी हिरवी चिमूट पडते ती कच्चीच. काकडी, मुळा, कांद्याची पात, पुदिन्याची चटणी, सगळं कच्चं. वाहत्या पाण्यात चोळून धुतल्याने जंतू कमी होतात, म्हणून धुवाच. पण देठांच्या बेचक्यांत आणि कापलेल्या कडांवर बसलेले सगळे जात नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, काहींना ती आवडणार नाही. नैसर्गिक शेतीतलं जीवामृत विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी गावोगाव पोचवलं. दहा किलो ताजं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती, दोनशे लिटर पाणी, आणि दोन-तीन दिवस मुरवणं. जमिनीला त्याने जीव येतो असा अनेक शेतकऱ्यांचा अनुभव आहे, आणि खताच्या गोणीचं कर्ज टळलेल्या माणसाशी मला वाद घालायचा नाही. तुरीला द्या, कपाशीला द्या, आंब्याच्या आळ्यात ओता. पण मुरवणं म्हणजे तापणं नव्हे. ढीग नीट रचला, वरखाली केला आणि आतून ५५ अंशांवर दिवसचे दिवस तापला, तरच रोगजंतू मरण्याची खात्री देता येते. ताज्या शेणाचं पाणी गाळून उभ्या कोथिंबिरीवर फवारणं म्हणजे युमात जे नकळत घडलं असावं ते हाताने करणं आहे. त्या जुडीवर ‘विषमुक्त’ लिहिलेलं असलं तरी कीटकनाशक नसणं ही निम्मीच गोष्ट झाली.

पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी, सगळ्यांच्या नाडेप काकांनी, हवा खेळणाऱ्या विटांच्या टाक्यात थोड्या शेणात पुष्कळ पालापाचोळा कुजवून तीन-चार महिन्यांत काळंभोर खत करायची रीत दिली. त्यांचा उद्देश शेण वाचवण्याचा होता. पण त्या रीतीत जे महिने जातात, ते भाजीच्या वाफ्याला फार मोलाचे आहेत. वास मेलेलं, हातात भुसभुशीत होणारं खत वाफ्यात घाला, ओलं शेण नको. गोठा धुतल्याचं पाणी पाटात जाऊ देऊ नका. औषध कालवायला विहिरीचं पाणी घ्या, जनावरं डुंबतात त्या डबक्याचं नको. धार काढून उठलेल्या हातांनी जुड्या बांधू नका, आधी साबण लावा.

यासाठी शेतात निरीक्षक पाठवा असं मी म्हणत नाही. भारताचा २००६चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा शेतकऱ्याला आणि शेतावरच्या कामाला आपल्या कक्षेबाहेर ठेवतो, आणि लहान शेतकऱ्याच्या बांधावर दंडाची पावती घेऊन जाणारा नवा माणूस कोणालाच नको आहे. पण कायदा आत येत नाही म्हणून सल्लाही बाहेर राहावा, हे चालणार नाही. नैसर्गिक शेतीसाठी केंद्राने राष्ट्रीय मोहीम काढली आहे, शिबिरं भरतात, पत्रकं वाटली जातात. कृषी विभागाने, कृषी विद्यापीठांनी आणि कृषी विज्ञान केंद्रांनी जीवामृताच्या प्रत्येक पत्रकावर ठळक अक्षरांत एवढं छापावं: कच्च्या खायच्या भाजीच्या उभ्या पिकावर हे फवारू नका.