लोणावळ्याच्या शाखेला स्वतःचा डीएनएस हवाच

पुण्याच्या मुख्य कार्यालयात दोन डीएनएस सर्व्हर असताना मावळातल्या शाखांना वेगळा कशाला, असं आयटीवाले विचारतात. लोणावळा 65 किलोमीटरवर, फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाच्या आत जाऊन येतो, हा त्यांचा हिशेब बरोबरच आहे. पण प्रश्न वेगाचा नाही, लाइन तुटण्याचा आहे. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या घाटमाथ्यावर लाइन जाणार, हे धरूनच आखणी करायला हवी. दोन सर्व्हर एकाच जागी असले तर तो एकच समजावा. जानेवारी 2001मध्ये मायक्रोसॉफ्टची संकेतस्थळं जवळपास दिवसभर दिसेनाशी झाली, ती सगळे डीएनएस सर्व्हर एकाच नेटवर्कमागे ठेवल्यामुळे.

लाइन गेली की कामच बंद, मग डीएनएस असून उपयोग काय? हा आक्षेप एके काळी खरा होता. आज कामशेतच्या शाखेतही फायबरच्या जोडीला 4जी राउटर असतो. फायबर तुटते, राउटर 4जीवर जातो, इंटरनेट चालू असतं. पण संगणकात डीएनएस म्हणून पुण्याचा खासगी पत्ता भरलेला असतो आणि व्हीपीएन अजून जुळलेलं नसतं. मेल उघडत नाही. शेजारच्या टेबलावरचा प्रिंटरही नावाने सापडत नाही.

यावर दुसरा पत्ता म्हणून 8.8.8.8 हा सार्वजनिक डीएनएस टाकणं हा तर घातक तोडगा. आतल्या सर्व्हरचं नाव विचारलं की तो ‘असं नाव नाही’ म्हणतो. संगणक ते अंतिम उत्तर मानतो, पुण्याला पुन्हा विचारत नाही.

म्हणून लहान शाखेत राउटरवरच कॅशिंग फॉरवर्डर ठेवावा आणि बाहेरची नावं त्याने थेट इंटरनेटवर विचारावीत. लोणावळा, तळेगावसारख्या मोठ्या शाखांत आतल्या झोनची फक्त वाचता येणारी प्रत हवी. पूर्ण डोमेन कंट्रोलर मात्र नको. जिन्याखालच्या खोलीतून तो चोरीला गेला तर संस्थेचे सगळे पासवर्ड धोक्यात येतात.

एक आकडा हमखास नजरेतून सुटतो. विंडोजच्या झोनमध्ये एक्स्पायरची मुदत मुळात 86400 सेकंद, म्हणजे एकच दिवस असते. पुण्याशी संपर्क त्याहून जास्त वेळ तुटला की प्रत असूनही शाखेचा सर्व्हर उत्तर देणं थांबवतो. ती मुदत दोन आठवडे करावी. मग मिरगाच्या आधी, एखाद्या सुट्टीच्या दिवशी, शाखेची फायबर मुद्दाम काढून प्रिंट द्यावी आणि मेल उघडून पाहावा.