पहारा आणि आढावा

कारागृहात बंद्याने आत्महत्या केल्यानंतर जी चौकशी होते तिचा रोख बहुधा पहाऱ्याकडे असतो. रात्रपाळीला कोण होते, फेरी किती वाजता झाली, नोंदवहीत काय लिहिले आहे, हे तपासले जाते; परंतु या माणसाच्या जिवाला त्याच्या स्वतःकडूनच धोका आहे हे कोणाच्या, कधी व कशावरून लक्षात आले होते आणि लक्षात आल्यावर कोण कोण एकत्र बसले, हे फारसे विचारले जात नाही, कारण असे एकत्र बसण्याची रीत आपल्या कारागृहांत अद्याप रुळलेली नाही.

इंग्लंड व वेल्समधील कारागृहांत ही रीत २००५ पासून घालण्यात आली. ‘असेसमेंट, केअर इन कस्टडी अँड टीमवर्क’, म्हणजे धोक्याचे मूल्यमापन, कोठडीतील काळजी आणि एकत्रित काम, असे त्या कार्यपद्धतीचे नाव असून आद्याक्षरांवरून तिला ‘ॲक्ट’ म्हणतात. नावावरून वाटले तरी तो कायदा नव्हे. एखाद्या बंद्याविषयी चिंता वाटताच कोणताही कर्मचारी त्याच्या नावे नारिंगी रंगाची नस्ती उघडू शकतो. त्यासाठी वरिष्ठाच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. नस्ती उघडल्यापासून तासाभरात तातडीचा आराखडा, तर चोवीस तासांत प्रशिक्षित व्यक्तीने बंद्याशी केलेले सविस्तर संभाषण व पहिली आढावा बैठक अपेक्षित असते. (‘मुलाखत’ हा शब्द आपल्या कारागृहांत नातेवाइकांच्या भेटीसाठी राखीव असल्याने येथे संभाषण म्हटले आहे.) बैठकीला प्रकरणाची जबाबदारी असलेला अधिकारी, त्या विभागातील कर्मचारी, आरोग्यसेवेतील प्रतिनिधी आणि मुख्य म्हणजे तो बंदी स्वतः असावा, त्याला नेमके काय टोचते आहे ते लिहिले जावे, त्यावर कोणी कोणत्या दिवसापर्यंत काय करायचे ते ठरावे, आणि नस्ती बंद झाल्यावरही सात दिवसांच्या आत पुन्हा विचारपूस व्हावी, अशी ही रचना आहे.

ही रचना कागदावर निर्दोष असली तरी ती राबवताना काय बिघडते हे अधिक बोधप्रद आहे. तेथे कोठडीतील प्रत्येक मृत्यूची चौकशी कारागृह प्रशासनाबाहेरचा लोकपाल २००४ पासून करतो, आणि त्याच्या कार्यालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंतील धोक्याच्या घटकांविषयी काढलेल्या पत्रिकेत एक दोष ठळकपणे मांडला होता: कर्मचारी बंद्याच्या दिसण्यावर व बोलण्यावर अवाजवी विसंबतात आणि आधीपासून ज्ञात असलेल्या घटकांना कमी लेखतात. कारागृहातील पहिले काही दिवस, पूर्वी स्वतःला केलेली इजा, जवळच्याच व्यक्तीवरील हिंसेचा आरोप, नुकतीच सुनावलेली शिक्षा, तुटलेले नाते, हे सारे नस्तीत नोंदलेले असते. पण बैठकीत बंदी “आता बरे वाटते” म्हणतो आणि पहारा सैल होतो. वास्तविक सततच्या पहाऱ्याने झोप व खासगीपणा दोन्ही गमावलेल्या माणसाला ‘बरे वाटते’ असे म्हणण्याचे पुरेसे कारण असते. ठरावीक अंतराने घातलेल्या फेऱ्या बंद्याला पाठ होतात, म्हणून त्या अनियमित असाव्यात हे आता सर्वमान्य आहे; तथापि फेरीत नुसते डोकावून ‘ठीक’ असा शेरा मारण्याने त्या माणसाविषयी नवे काहीच कळत नाही, आणि अशी नस्ती काळजीपेक्षा पुढच्या चौकशीतील बचावासाठीच लिहिली जाऊ लागते. ही पद्धत अकरा वर्षे मुरल्यावरही २०१६ मध्ये तेथील कारागृहांत सुमारे १२० बंद्यांनी स्वतःचा जीव घेतला. त्याआधीच्या वर्षांत कारागृह अधिकाऱ्यांची संख्या सुमारे चतुर्थांशाने घटली होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे, कारण बंद्याला ओळखणारा कर्मचारीच जागेवर नसेल तर बैठकीत बोलणार कोण?

भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये कारागृहांतील १५९ अनैसर्गिक मृत्यूंपैकी ११९ आत्महत्या होत्या. आपल्याकडील बंद्यांची संख्या इंग्लंड-वेल्सच्या कित्येक पट असल्याने हे प्रमाण समाधानकारक भासेल; पण भरलेल्या बॅरेकमध्ये शेजारी कोणीतरी जागा असतो, या गोष्टीचे श्रेय प्रशासनाने घेऊ नये. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने जून २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांत जागा व वस्तू सुरक्षित करण्याबरोबरच प्रवेशाच्या वेळची मानसिक आरोग्य तपासणी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, रिक्त पदांची भरती आणि सहबंद्यांचा आधार यांचाही समावेश आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मात्र कलम १०३ मध्ये कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून, कारागृहात मानसिक आजार असलेले बंदी नाहीत, असे प्रमाणित करणारा तिमाही अहवाल मागतो. नसल्याचे प्रमाणपत्र मागणारी ही तरतूद विचित्र आहेच, शिवाय तिच्या कक्षेत येथील प्रश्नाचा मोठा भाग येतही नाही: जामीन फेटाळला गेलेला आणि घरच्यांनी मुलाखतीला येणे थांबवलेला न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल लागायचा आहे असा बंदी, कोणत्याही निदानाविना त्या आठवड्यात धोक्यात असू शकतो. देशातील बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन आहेत.

महाराष्ट्रातील कारागृहांनी इंग्रजी नस्तीची नक्कल करावी, असे येथे सुचवायचे नाही. आवश्यक माहिती कारागृहात असतेच, फक्त ती विखुरलेली असते. जामीन नाकारल्याचे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या खोलीतील शिपायाला सर्वांत आधी कळते, मुलाखत बंद झाल्याचे मुलाखत कक्षात, झोप उडाल्याचे दवाखान्यात, जेवण सुटल्याचे बॅरेकमध्ये आणि कर्ज वा घरभेदाचे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’सारख्या, १९९० पासून या क्षेत्रात असलेल्या प्रकल्पाच्या समाजकार्यकर्त्याला किंवा विधी सेवेच्या वकिलाला. या पाचसहा जणांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास एका टेबलाशी बसवणे, नव्या बंद्यांची व नुकताच प्रतिकूल आदेश मिळालेल्यांची नावे त्यांच्यापुढे ठेवणे, आणि ज्याच्याविषयी बोलायचे त्यालाही बोलावणे, यासाठी नवे पद लागत नाही. अधीक्षकाचा आदेश लागतो.

सहबंद्यांच्या आधाराबाबत मात्र सावधगिरी हवी. १९९१ मध्ये स्वानसी कारागृहात सुरू झालेल्या ‘लिसनर’ योजनेत समॅरिटन्स या संस्थेने प्रशिक्षित केलेले बंदी इतर बंद्यांचे बोलणे गुप्ततेच्या हमीने ऐकतात. पहारा हे त्यांचे काम नसते. आपल्याकडे शेजारच्या बंद्यालाच लक्ष ठेवायला सांगून प्रशासन मोकळे झाले, तर दुर्घटनेचे ओझे त्याच्या माथी येईल आणि ऐकणारा विश्वासू माणूसही उरणार नाही.

ज्या कारागृहांत अशी आढावा बैठक आजही होत असेल, तेथील अधिकारी, वैद्यकीय अधिकारी व समाजकार्यकर्ते यांनी बंद्यांची ओळख उघड न करता तिचा दिवस, वेळ, उपस्थिती आणि आलेल्या अडचणी मासिकाकडे लिहून पाठवाव्यात, ही विनंती. त्या पुढील अंकांत प्रसिद्ध केल्या जातील.