देवकीचे रिकामे हात

कळंबोलीच्या लोखंडबाजाराकडून जुन्या पनवेलांत शिरलें, म्हणजे 1849 सालचें 'बेथ एल' हें यहुदी प्रार्थनामंदिर लागतें. बेने इस्रायल लोकांचें हें देवस्थान. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' म्हणविले गेलेले, घरांत मराठी बोलणारे, आपल्या धर्मकथांवर मराठींत कीर्तनें करणारे हे आपले शेजारी शतकानुशतकें कोंकणांत निर्वेधपणें नांदले. युरोपांतील त्यांचे सुमारें 60 लक्ष धर्मबांधव मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत नाझींनीं मारिले. त्या संहारांतून निसटलेल्या कांहीं मातांची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

1939 च्या सप्टेंबरांत जर्मनी व रशिया यांनीं पोलंड वांटून घेतलें. जर्मन सैन्यापुढून पूर्वेकडे पळालेल्या हजारों यहुदी कुटुंबांना रशियानें 1940 सालीं सैबेरियासारख्या दूरच्या प्रांतांत धाडिलें. पुढल्या वर्षीं सुटका झाली, तेव्हां अनेक कुटुंबें उबेच्या शोधांत ताश्कंद-समरकंदाकडे उतरलीं. पण तेथें उपासमार व सांथीचे ज्वर त्यांची वाटच पाहत होते. पोलिश अनाथालयांत थोडी भाकरी मिळे, परंतु ती पोरक्यांसाठीं. तेव्हां कित्येक मातांनीं मुलांना पढविलें, "मला आई नाहीं, असें सांग बरें," आणि दाराशीं हात सोडिला.

1942 सालीं त्या अनाथालयांतील मुलें इराणांत नेण्यांत आलीं. त्यांतील सातशेंहून अधिक यहुदी मुलें, इराकनें वाट नाकारल्यामुळें, 1943 च्या जानेवारींत जहाजानें तेव्हांच्या अखंड हिंदुस्थानांतील कराची बंदरास आलीं, व सुएझमार्गें 18 फेब्रुवारीस पॅलेस्टाइनांत पोंचलीं. पुढें कांहींना आईबाप भेटले. अनेकांची भेट झालीच नाहीं.

ह्याच इराणच्या वाटेनें आलेल्या सुमारें 5,000 पोलिश निर्वासितांची छावणी 1943 ते 1948 पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथें होती. तेथील बहुतेक वस्ती बायकामुलांचीच. परमुलुखांत कां होईना, पण कित्येक मुलांना तेथें आईची कूस तरी होती!

जन्मदात्रीनेंच पोर टाकिलें, असें कोणी म्हणेल. त्यानें देवकीला आठवावें. अष्टमीच्या मध्यरात्रीं आपण पाळणा हालवितों, त्याच रात्रीं टोपली यमुनेपार जाते. रांगणें, लोणीचोरी, बोबडे बोल हें सारें यशोदेच्या पदरीं. देवकीपाशीं रिकामे हात. तिनें बाळ टाकिलें, असें आजवर कोणी म्हटलें आहे काय?

एकत्र कुटुंबांत आई क्षणभर दृष्टीआड झाली, तर पोराला काकूची मांडी असते, आजीचें पांघरूण असतें. म्हणूनच सुटलेल्या हाताची किंमत आपल्याला सहसा कळत नाहीं. येत्या अष्टमीस प्रसाद वांटून झाल्यावर घरांतील वडील मंडळींनीं मुलांना जवळ घेऊन ह्या देवकींचीही गोष्ट सांगावी, एवढीच आमची विनंति.