पिंपांनी अडवलेला रस्ता

मोर्चाची बातमी आली की 'पोलिसांनी बॅरिकेड्स लावले' हे वाक्य पाठोपाठ येतंच. खाली चाकं आणि पुढे कुणाची तरी जाहिरात असलेले ते लोखंडी कठडे आपल्या नजरेत इतके बसलेत, की हा शब्द पोलिसखात्यातच जन्मला असं वाटावं. प्रत्यक्षात तो गाजला राजाच्या सैन्याची वाट अडवणाऱ्या साध्या माणसांमुळे.

'बॅरिकेड' आला 'बारिक'वरून. फ्रेंचमध्ये 'बारिक' म्हणजे दारू साठवायचं लाकडी पिंप. १२ मे १५८८ रोजी फ्रान्सचा राजा तिसऱ्या हेन्रीने पॅरिसमध्ये स्विस पलटणी आणल्या आणि शहर भडकलं. रस्त्यांवर आडव्या साखळ्या ताणल्या गेल्या, घराघरांतली पिंपं गडगडत बाहेर आली. ही युक्ती मला विलक्षण वाटते. रिकामं पिंप एकटा माणूस लोळवत नेतो. तेच जागेवर उभं करून माती-दगडांनी भरलं की घोडेस्वारांनाही हटवता येत नाही. दुसऱ्याच दिवशी राजाने पॅरिस सोडलं. लोकांची बाजू न्यायाची होती असं मी म्हणणार नाही. कॅथॉलिक लीग या कट्टर धार्मिक गटाच्या धर्मवेडानेही तो उठाव पेटला होता. पण सामान्यांच्या तळघरातल्या वस्तूंनी राजाला रोखता येतं, हे त्या दिवशी शहराला कळलं.

पुढे पिंपं मागे पडली, नाव टिकलं. जून १८४८ मध्ये पॅरिसमध्येच सरकारने बेकारांसाठीच्या कार्यशाळा बंद केल्या तेव्हा कामगारांनी रस्त्याचे फरसबंदी दगड उखडून बॅरिकेड रचले. त्या लढाईची, तिबो नावाच्या छायाचित्रकाराने वरच्या खिडकीतून टिपलेली छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. २५ जूनच्या चित्रात अरुंद रस्ता, त्यात एकामागे एक दगडांचे अडसर आणि जवळजवळ शुकशुकाट. दुसऱ्या दिवशीच्या चित्रात त्याच रस्त्यात सैन्य शिरलेलं. त्या उठावात हजारो माणसं मेली. पहिल्या चित्रातल्या बंद खिडक्यांवरून माझी नजर हटत नाही. कारण त्यांच्या आड कुणीतरी असणारच.

आता आपला 'मोर्चा' पाहा. फारसीतून आलेला हा शब्द मुळात फौजेचा. किल्ल्याला वेढा घालताना तोफा आणि बंदूकवाल्यांसाठी जो आडोसा उभारत, तो मोर्चा. बखरींतले मोर्चे चालत नाहीत, ते किल्ल्याला 'लागतात'. तो जुना अर्थ 'मोर्चेबांधणी'त अजून शाबूत आहे. म्हणजे फौजेचा शब्द लोकांनी घेतला, आणि लोकांचा सरकारने. आज रस्त्यावर हे दोन शब्द समोरासमोर उभे राहतात, तेव्हा दोघांनीही बाजू बदललेली असते.

ही अदलाबदल मला क्षुल्लक वाटत नाही. आडोशाआड दबा धरणाऱ्यांचा शब्द उघड्यावर, निःशस्त्र चालणाऱ्यांना मिळाला, यात मराठी माणसाने अभिमान बाळगावा असं काही आहे. सत्तरच्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांबरोबर मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, त्याही घरातलीच वस्तू हाती घेऊन. त्याला लाटणं मोर्चा म्हणतात.