करंगळीची परवानगी

आमच्या वऱ्हाडात पोटदुखीचं निदान डॉक्टरच्या आधी वर्गशिक्षक करतात. "सर, पोट दुखून राह्यलं." "गणिताच्याच तासाले कसं दुखते रे तुयं?" वर्ग खो खो हसतो आणि बहाणा या रोगावर शिक्कामोर्तब होतं. पोरगं खाली बसतं. पुन्हा दुखलं तरी ते सांगणार नाही, याची व्यवस्था एका विनोदात झालेली असते.

मेहकर तालुक्यातलं जानेफळ हे काही आडवळणाचं पाच घरांचं गाव नाही. बाजारपेठ आहे, पोलीस ठाणं आहे. असल्या मोठ्या गावांत शाळेतल्या मुलांच्या पोटाचा विषय काढला, की तीच ती उत्तरं मिळतात आणि त्यांतलं एकही मला पटत नाही. पोटाचा त्रास असलेल्या मुलाला शाळेकडून दया नको असते. त्याला उठून जाण्याची मुभा हवी असते, आणि जाण्यासारखी जागा.

आधी बहाण्याचं बघू. मुलं बहाणे करतात, हे मला मान्य आहे, आपणही केले. पण जॉन ॲपली या इंग्लंडमधल्या बालरोगतज्ज्ञाने नोरा नेश यांच्यासोबत ब्रिस्टलमधली हजार शाळकरी मुलं तपासली आणि १९५८ साली निष्कर्ष मांडले. त्यांत साधारण दहातल्या एका मुलाला पुन्हा पुन्हा पोटदुखी होत होती. त्यांपैकी बहुतेकांत बोट ठेवून दाखवावा असा आजार सापडला नाही. इथेच बहाणावादी टाळी वाजवतात: बघा, काही नव्हतंच! सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे, त्याचा मेंदूशी दोन्ही बाजूंनी व्यवहार चालतो आणि काही मुलांत तो फार हळवा असतो. पेपर हातात पडायच्या आधी पोटात गोळा येतो, तो काय नाटक म्हणून येतो? गणिताच्या तासालाच दुखतं हे सरांचं निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून त्यांनी काढलेला अर्थ चुकतो.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे, कारण ते देणाऱ्याची अडचण खरी आहे. वर्गात पन्नास पोरं, शिक्षक एकटा. एकाला सोडलं की मागे चार करंगळ्या वर होतात. मुलगी बाहेर गेली आणि काही झालं, तर जबाब द्यायचा कोणी? म्हणून नियम: सुट्टीतच जायचं. पण या नियमाचं शरीरात काय होतं, ते जरा जवळून बघा. मोठ्या सुट्टीत मूल खिचडी खातं. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलू लागतं. निसर्गाची योजनाच तशी आहे. शौचाची खरी भावना होते ती ताट धुऊन झाल्यावर, आणि नेमकी तेव्हाच घंटा वाजते. मूल दाबून धरतं. आतडं थांबलेल्या मळातलं पाणी शोषत राहतं, खडा होतो, दुसऱ्या दिवशी जाताना आग होते, आणि त्या भीतीने ते तिसऱ्या दिवशी आणखी घट्ट धरतं. आठवडे असे गेले की गुदाशय ताणून सैल पडतं आणि भरलं तरी कळेनासं होतं. मग वरचा पातळ मळ त्या खड्याच्या कडेने झिरपून चड्डीला लागतो. घरचे म्हणतात जुलाब, वर्ग म्हणतो घाणेरडा. मुळात ते बद्धकोष्ठ असतं! त्यावर उपचार आहे: मल मऊ करणारं औषध महिनोन्‌महिने, आणि जेवणानंतर दहा मिनिटं निवांत बसणं. औषधाचं दुकानदार बघेल. ती दहा मिनिटं शाळेशिवाय कोण देणार?

शिस्त मोडेल म्हणता? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ पासून टाइप-१ मधुमेहाच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाण्याचे पदार्थ न्यायची परवानगी दिली. त्याने परीक्षा बुडाल्या नाहीत. मधुमेहाचा आकडा यंत्रावर दिसतो, पोटाचा दिसत नाही, म्हणून पोटवाला मागे राहतो. आपल्या जिल्ह्यातच बघा ना. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळायला लागले, तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे तज्ज्ञ तपासायला आले. यायलाच हवे होते. पण टक्कल दिसतं, कुंथणं दिसत नाही, एवढा फरक मात्र नोंदवून ठेवतो.

आता "शौचालय आहे ना" हे तिसरं. आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत मुलामुलींची स्वतंत्र शौचालयं आणि पिण्याचं शुद्ध पाणी लिहिलेलं आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये सहा महिन्यांची मुदत देऊन तेच पुन्हा बजावलं. भिंती त्यामुळे बऱ्याच उभ्या राहिल्या. कडी आतून लागते का? बादलीत पाणी आहे का? उन्हाळ्यात टाकी कोरडी पडली की काय करायचं? या प्रश्नांना अहवालात रकाना असला, तरी उत्तर 'होय' असंच भरलं जातं. मुली यावर आपला तोडगा काढतात: सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. विदर्भातल्या मार्चमध्ये! बद्धकोष्ठ आणि लघवीची जळजळ यांना याहून चांगलं आवतण नाही. केरळच्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी प्यायची वेगळी घंटा सुरू केली, तिला खर्च शून्य होता. मात्र पाणी पाजायचं तर पुढची सोयही करावी लागते.

"आमच्या वेळी कुठं होतं हे सगळं?" असं म्हणणारे काका प्रत्येक पारावर भेटतात. नव्हतं, खरंच. ज्यांना ते सोसलं नाही ते शाळेतून गळाले. पारावर बसून फुशारकी मारायला ते आलेले नाहीत.

आजार असेल तर आईबाप बघतील, दवाखाना बघेल, हे शेवटचं उत्तर. त्यात निम्मं तथ्य आहे. शिक्षकाने गोळ्या वाटू नयेत, निदान तर मुळीच करू नये. जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळी ठरलेली आहे, ती द्यावी. पण ती दिली म्हणजे पोटाचा विषय मिटला असं समजू नये. शिक्षकाच्या नजरेला मात्र तोड नाही, कारण मूल दिवसाचे पाच-सहा तास त्याच्यासमोर असतं. वजन उतरतंय, शौचातून रक्त जातंय, रात्री दुखण्याने जाग येते, हिरवी उलटी होते, दुखणं बेंबीपासून दूर एका कुशीला आहे: यांतलं काही कानावर आलं तर पालकांना गाठून मुलाला दवाखान्यात पाठवायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतंच. त्यांच्यापुढे उंची-वजनाच्या रांगेत हे मूल हरवू द्यायचं नाही.

पालकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. काही घरांत पोट बिघडलं की खिचडीवर खापर फोडून मोकळे होतात आणि पोराला चार दिवस घरी बसवतात. ज्याला गव्हातलं ग्लुटेन बाधतं, त्या सीलिॲकच्या मुलाला भाताची खिचडी चालते, आपली ज्वारीची भाकरीही चालते. बाधतो तो मधल्या वेळचा बिस्किटाचा पुडा. दूध न पचणाऱ्याचा प्रश्न निराळा, आतड्याला सूज असणाऱ्याचा त्याहून निराळा. डॉक्टरने काय टाळायला सांगितलंय ते चिठ्ठीवर लिहून शाळेत द्यायला लाज कसली? मुलीचं लग्न जमणार नाही म्हणून आजार लपवणारी घरं आहेत, आणि त्याची किंमत ती मुलगी वर्गात भरत असते.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने आजारी विद्यार्थ्याला आधार देणं शाळेवर बंधनकारक केलं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आतड्याचे आजार नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्र दाखवून सवलत मागायची वाट बंद आहे. पण दाराजवळचा बाक द्यायला कुठलं प्रमाणपत्र लागतं? न विचारता, बाकावर वही उलटी ठेवून उठून जायचं, एवढं वर्गशिक्षक आणि मूल यांच्यात ठरलं तरी पुष्कळ. एक जादा चड्डी-पँट कपाटात. बुडालेला अभ्यास भरून देणारा एक सोबती. अभ्यासात सूट नको. पोट दुखणाऱ्याला गणित माफ केलं तर बहाणावाद्यांचंच खरं होईल.

माणसं नाहीत, पैसा नाही, ही रड याच तालुक्यात ऐकायला मला गंमत वाटते. इथेच हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात हजारोंच्या पंगती बसतात, ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते, आणि कोणी उपाशी उठत नाही. ही शिस्त गावकऱ्यांचीच आहे. शाळेची आतली कडी बसवायला त्याचा शतांशही लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायांच्या. त्या बायांनी पुढच्या बैठकीत इमारतीच्या रंगाचा विषय जरा बाजूला सारून मुलींच्या शौचालयाची चावी कोणाकडे असते, ते विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत इतिवृत्तावर सही करू नये.